जानेवारी २०२५ : पुण्यातला जीबीएस, शेगावची केसगळती आणि आपल्या फोनवर पोहोचलेली माहिती

अनुदिनी

२०२५ च्या जानेवारीत राज्याच्या दोन टोकांना लोक जवळजवळ एकाच वेळी घाबरले. पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोम या चेतातंतूंच्या आजाराचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकामागून एक दवाखान्यांत दाखल होऊ लागले. त्याच सुमारास बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटून तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. आरोग्यमंत्री दोन्हीकडे एकच, आरोग्य विभागही एकच. तरीही माहिती ज्या वाटेने, ज्या वेगाने आणि ज्या सुरात लोकांपर्यंत गेली, त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि हा चर्चेचा धागा काढण्याचे कारण तो फरक आहे.

पुण्यात पहिल्या काही दिवसांचा गोंधळ ओसरल्यावर रोज आकडे येऊ लागले. संशयित किती, निदान पक्के झालेले किती, अतिदक्षता विभागात किती, व्हेंटिलेटरवर किती, घरी गेलेले किती. शिवाय जुन्या महापालिका हद्दीतले किती, नव्याने समाविष्ट झालेल्या गावांतले किती आणि पिंपरी-चिंचवडचे किती, अशी फोड त्यात असे. हे पत्रक संध्याकाळी एक्सवर यायचे आणि तासाभरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचायचे. आकडे शेवटी दोनशेच्या पुढे गेले, पण त्यांची सवय झाल्यामुळे अफवेला विचारता येईल असा एक प्रश्न लोकांच्या हाती आला : हे पत्रकात आहे का?

शेगावकडे असे पत्रक आमच्यासारख्या बाहेरच्या वाचकाला दिसलेच नाही. दिसले ते वाहिन्यांचे माइक, यूट्यूबवरच्या स्थानिक चॅनेलांचे व्हिडिओ आणि डोक्यावरून हात फिरवून मूठभर केस कॅमेऱ्यासमोर धरणारी माणसे. 'टक्कल व्हायरस' हे नाव दोन दिवसांत राज्यभर झाले. कोणताही विषाणू सापडलेला नव्हता, तरी झाले. आधी बुरशीचा संसर्ग असल्याचे सांगितले गेले, मग पाण्यातले नायट्रेट आणि क्षार, मग आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, पथक नमुने घेऊन गेले. फेब्रुवारीत महाडचे डॉक्टर-संशोधक हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवले. प्रत्येक टप्प्यावर बातमी झाली, पण 'कालपर्यंत आम्ही हे म्हणत होतो, आज हे म्हणतो आहोत, आणि त्याचे कारण असे' हे सांगणारा एकच ठरलेला आवाज कुठे ऐकू आला नाही.

याला शहर आणि खेडे यांतला नेहमीचा फरक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही, कारण फोन आणि डेटा दोन्हीकडे आहे. माझे म्हणणे असे की संकटात लोक माहितीच्या अभावाने जितके बिथरत नाहीत तितके माहितीला धनी नसल्याने बिथरतात; आणि कोणत्या प्रदेशात तो धनी कोण, हे तिथल्या संस्थांवर ठरते, तिथल्या लोकांच्या शहाणपणावर नव्हे. त्या भागांत राहणाऱ्यांनी आपापले निरीक्षण लिहावे.

पूर्णाकाठ

मी खामगावजवळ शिक्षक आहे आणि माझे आजोळ केसगळती झालेल्या अठरा गावांपैकी एकात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शेगाव म्हटले की बाहेरच्यांना गजानन महाराजांचे मंदिर आठवते. पण तालुक्याचा पूर्णा नदीकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो आणि तिथले भूजल पिढ्यान्‌पिढ्या खारट आहे. त्यामुळे पाण्यावर संशय घेणे कोणालाच नवे वाटले नाही. उलट, पाण्यात नायट्रेट जास्त निघाल्याचे कळल्यावर लोकांचा पहिला प्रश्न असा होता की हेच पाणी आम्ही इतकी वर्षे पितो, मग केस याच हिवाळ्यात का गळावेत? हा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या अगदी रास्त होता. त्याला उत्तर देणारे कोणी गटावर नव्हते, म्हणून उत्तर शाम्पू, खत, लस, असे जे हाताला लागेल ते झाले.

आमच्या गावाच्या गटावर ग्रामसेवकांनी टाकलेली पहिली सूचना मी अजून जपून ठेवली आहे. ती जिल्हा कार्यालयाच्या पत्राचा वाकडा काढलेला फोटो होती. खाली तीन सह्या, वर जावक क्रमांक, आणि मधल्या मजकुरात 'योग्य ती खबरदारी घेण्यात यावी' असे वाक्य. ती खबरदारी म्हणजे नेमके काय, याचा त्यात पत्ता नव्हता. त्याच दिवशी एका यूट्यूब चॅनेलचा सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ आला. त्यात निवेदक वऱ्हाडीत बोलत होता, बाधित माणसांना नावाने हाक मारत होता आणि शेवटी कडुनिंबाच्या पाण्याने डोके धुवायला सांगत होता. सल्ल्याचा उपयोग शून्य, पण निदान काहीतरी करायला सांगितले होते. गावाने कोणते पुढे पाठवले असेल, हे सांगायला नको.

अनुदिनी म्हणतात तसा माहितीला धनी नव्हता हे खरेच, पण त्यात एक भर घालतो. पुण्यातल्या माणसाने पत्रक वाचले ते स्वतःसाठी. आमच्याकडचे व्हिडिओ आमच्यासाठी बनवलेलेच नव्हते. ते मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांसाठी होते. त्यांत आमची माणसे दाखवण्याची वस्तू होती. चेहरे न झाकता शाळकरी मुली दाखवल्या गेल्या. त्यानंतर मुलांचे शाळेत येणे कमी झाले, केशकर्तनालयात बसू देईनात, लग्नाची बोलणी अडली. अशा परिस्थितीत आरोग्य पथक गावात आले तरी लोक डोक्याला रुमाल बांधून घरात बसत, कारण पथकामागे कॅमेरा असणार हे त्यांना कळून चुकले होते. म्हणजे रोग समजण्यासाठी जे नमुने हवे होते, ते मिळण्यातच या प्रसिद्धीने अडचण आणली.

बाह्यरुग्ण

पुण्याच्या कौतुकाला मी थोडा आवर घालू इच्छितो. मी त्याच पट्ट्यात दवाखाना चालवतो.

रोजचे आकडे आले ही गोष्ट चांगलीच झाली. पण आकडा म्हणजे सूचना नव्हे. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच चेतातंतूंवर हल्ला करते, आणि अनेकदा त्याआधी एक-दोन आठवडे जुलाब किंवा तापाचा संसर्ग होऊन गेलेला असतो. इथल्या अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला, तो दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो. तेव्हा लोकांना सांगण्यासारख्या गोष्टी खरे तर दोनच होत्या : पाणी उकळून प्या, आणि जुलाब होऊन गेल्यावर पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे. पण गटांवर फिरला तो व्हेंटिलेटरचा आकडा. माझ्याकडे आलेल्यांत हाताला मुंग्या आल्या म्हणून रात्री झोप न लागलेले तरुण अधिक होते, आणि जिना चढताना आठवडाभर पाय लटपटत असूनही 'वयामुळे असेल' म्हणून घरी बसलेले आजोबा एक होते.

पाण्याच्या बाबतीत तर सूर आणखी बिघडला. नांदेड गावाच्या विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन टाकून समाविष्ट गावांना पुरवले जात होते, हे हळूहळू बाहेर आले. रुग्णांची नोंद ठेवणारी महापालिका, आणि पाणी पुरवणारीही महापालिकाच. त्यामुळे पत्रकांत रुग्ण मोजण्याची जितकी तत्परता दिसली तितकी कारण सांगण्याची दिसली नाही. मग दोष कोंबडीकडे वळला, तिथून पनीरकडे, तिथून भाताकडे. 'जीबीएस व्हायरस' असे मथळे आले, आणि संसर्गजन्य नसलेल्या आजाराच्या रुग्णाशेजारी बसायला नातेवाईक घाबरू लागले. २०२० च्या फेब्रुवारीत करोनाच्या अफवेने राज्यातल्या कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले होते, तेच पुन्हा छोट्या प्रमाणात घडले.

तरीही एक फरक मान्य करतो. महापालिकेने पाणी निर्जंतुक करण्याच्या मेडिक्लोर या द्रावणाच्या बाटल्या वाटल्या, टँकरची आणि खासगी आरओ केंद्रांची तपासणी झाली, काही केंद्रे बंद झाली, आणि यात लोकांच्या तक्रारींचाही वाटा होता. गढूळ पाण्याचा फोटो, वेळ आणि गल्लीचे नाव घालून एक्सवर टाकला की दुसऱ्या दिवशी माणूस येत असे. माहितीची वाट दोन्ही बाजूंनी चालू होती.

पूर्णाकाठ

बाह्यरुग्ण, तुमच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे गावाने वर काही कळवायचे असेल तर वाट वाहिनीच्या प्रतिनिधीतूनच जाते. पुण्यात तक्रार झाली की टँकर तपासला जातो, आमच्याकडे तक्रार झाली की बातमी होते.

गलाई_कोझिकोड

मी मूळचा विट्याचा. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात देशभर पसरलेली आहेत, तसा मीही बरीच वर्षे केरळात कोझिकोडला आहे. निपा, म्हणजे वटवाघळांतून माणसांत येणाऱ्या जीवघेण्या विषाणूचे २०१८ चे आणि २०२३ चे उद्रेक, दोन्ही इथे राहून पाहिले, म्हणून लिहावेसे वाटले.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये या जिल्ह्यात निपाचे सहा रुग्ण निष्पन्न झाले, त्यातले दोघे दगावले. मरुथोंकरा आणि आसपासच्या पंचायतींचे ठरावीक वॉर्ड बंद केले गेले. बंद झाले ते वॉर्ड, संपूर्ण गावे नव्हेत, आणि कोणता वॉर्ड बंद, कोणता खुला, याची यादी रात्रीच सर्वांकडे होती. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे रुग्णांचा मार्गनकाशा. रुग्ण कोणत्या तारखेला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत कोणत्या दवाखान्यात, दुकानात, बसमध्ये होता, याचा तक्ता नाव न देता प्रसिद्ध होतो, आणि त्या वेळी त्या ठिकाणी असाल तर या क्रमांकावर फोन करा, एवढेच खाली लिहिलेले असते. मला मल्याळम बोलता येते, वाचताना अडखळतो. आमच्या गल्लीतल्या वॉर्ड सदस्याने तो तक्ता गटावर टाकून शेजारी आवाजात वाचूनही दाखवला. शेजारच्या दुकानदाराने ते ऐकून स्वतःहून फोन केला, कारण तो त्या दवाखान्यात त्याच सकाळी रक्त द्यायला गेला होता. फोन केल्याबद्दल त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही.

त्याच आठवड्यात विट्याच्या भावकीच्या गटावर मात्र केरळमध्ये प्रेते रस्त्यावर पडल्याचा व्हिडिओ फिरत होता. तो केरळचाही नव्हता आणि त्या वर्षीचाही नव्हता. मी इथून तक्ता पाठवला, तर उत्तर आले की सरकार लपवते आहे. त्याच आजाराबद्दल तीन फुटांवरचा माणूस शांत आणि सहाशे-सातशे किलोमीटरवरचा माणूस घाबरलेला, असे ते चित्र होते. सुट्टीला गावी येऊ नका, असेही दोघांनी सुचवले.

केरळ फार आदर्श आहे असा माझा दावा नाही. २०१८ मध्ये एका स्वयंघोषित वैद्याने वटवाघळांनी खाल्लेली फळे आपण खाऊन दाखवतो असा व्हिडिओ टाकला होता आणि तो इथेही भरपूर पाहिला गेला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तेव्हा कुठे त्याने माघार घेतली. आणि मार्गनकाशाचेही दुखणे आहे. २०२० च्या मार्चमध्ये इटलीहून पत्तनंतिट्टा जिल्ह्यात आलेल्या कुटुंबाचा नकाशा प्रसिद्ध झाला, तेव्हा नाव दिलेले नसूनही कुटुंब ओळखले गेले आणि त्यांना समाजमाध्यमांवर अतोनात शिव्या खाव्या लागल्या. वेळ आणि जागा इतक्या नेमक्या दिल्या की माणूस उघडा पडतोच. शेगावच्या शाळकरी मुलींबद्दल वाचताना मला तेच आठवले.

अनुदिनी

गलाई_कोझिकोड, एक विचारते. वॉर्ड सदस्याने तक्ता वाचून दाखवला ही त्याची व्यक्तिगत हौस होती की ती पद्धतच आहे? कारण उत्तर त्यावर अवलंबून आहे. चांगला माणूस आमच्याकडेही सापडतो.

गलाई_कोझिकोड

पद्धत आहे. वॉर्डपातळीवर आरोग्य समिती असते, आशा कार्यकर्त्या आणि कुटुंबश्री या बचत गटांच्या बायका त्यात असतात, आणि पावसाळ्याआधी डेंग्यू-लेप्टोसाठी ती दर वर्षी कामाला लागते. निपासाठी वेगळा गट कोणी काढला नाही. डासांच्या फवारणीच्या सूचना ज्या गटावर येत, त्याच गटावर निपाही आला. त्यामुळे कोणाचा संदेश खरा मानायचा, हे संकट येण्याआधीच ठरलेले होते.

काजूबाग

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातून लिहितो आहे. आमच्याकडचे उदाहरण लहान आहे, पण या धाग्यात बसेल असे वाटते.

माकडताप, ज्याला इंग्रजीत क्यासनूर जंगलाच्या नावाने ओळखतात, तो १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि आमच्याकडे दोडामार्गात २०१६ मध्ये, पाठोपाठ बांद्यात, त्याने माणसे नेली. जंगलातल्या गोचिडीच्या चाव्यातून तो पसरतो आणि त्याचा हंगाम जानेवारीपासून पावसापर्यंत, म्हणजे नेमका काजूचा. तीन राज्यांच्या सीमेवर एकच जंगल, एकच गोचीड, पण सूचना तीन भाषांत आणि तीन प्रकारच्या. दोडामार्गचा माणूस आजारी पडला की गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो, तेव्हा निदान गोव्यात होते आणि गावात फवारणी महाराष्ट्राने करायची असते. सुरुवातीच्या वर्षांत गोव्याकडच्या कोकणी बातम्या आमच्या फोनवर आधी येत आणि आपल्या आरोग्य केंद्राची सूचना नंतर.

बागेत नेटवर्क नसते. काजू वेचायला पहाटे गेलेल्या बाईला दहा वाजता पाठवलेला संदेश रात्री मिळतो, आणि रात्री मिळालेल्या 'जंगलात जाऊ नका' या सूचनेचा तिला उपयोग नसतो, कारण उद्या पहाटे तिला जायचेच आहे. वर्षभराची मिळकत तिथे आहे. पुढे सूचना बदलल्या : जाण्याआधी हातापायांना अमुक तेल लावा, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा, मेलेले माकड दिसले तर हात न लावता कळवा. यातले शेवटचे सर्वांत चांगले चालले. मेलेल्या माकडाचा फोटो आणि ठिकाण गटावर टाकले की आरोग्याची आणि वनखात्याची माणसे येतात, हे एकदा दिसल्यावर लोक आपणहून कळवू लागले. बाह्यरुग्ण यांनी गढूळ पाण्याच्या फोटोबद्दल लिहिले आहे, हा त्याचाच कोकणी अवतार म्हणायचा.

सिंहगडरोडकर

वाचतो आहे. एक वेगळा मुद्दा. २०२१ च्या मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी करोना लसीची नोंदणी प्रामुख्याने सरकारच्या कोविन संकेतस्थळावरून होत होती आणि तेव्हा ते इंग्रजीतच होते; मराठीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या. त्या महिन्याभरात आमच्या सोसायटीतले कितीतरी जण टेलिग्रामवरच्या सूचनांच्या आधारे भोर-वेल्ह्याच्या केंद्रांवर जागा पटकावून गाडीने लस घेऊन आले. केंद्रासमोर राहणाऱ्या गावकऱ्यांना ते केंद्र भरले असल्याचे तिथे गेल्यावर कळत होते. तेव्हा प्रदेशाप्रदेशांतला फरक केवळ अफवांत आणि भीतीत असतो असे समजू नये. खरी, अचूक, वेळेवर आलेली माहितीसुद्धा एका प्रदेशाची सोय आणि शेजारच्याची गैरसोय करू शकते. आम्ही नियम मोडला नव्हता, हेही तितकेच खरे.

पूर्णाकाठ

सिंहगडरोडकर यांचा मुद्दा चांगला आहे. अनुदिनी यांच्या मूळ प्रश्नाकडे परत येऊन गव्हाबद्दल लिहितो, कारण ते अजून कोणी विचारलेले नाही.

डॉ. बावस्करांचे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा गावात एकच प्रश्न होता, रेशनचा गहू खायचा की नाही. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात लागते आणि जास्त झाले तर केस व नखे जातात, एवढे मी पुस्तकात पाहून मुलांना समजावले. हा गहू पंजाबाकडून आल्याचे सांगितले जात होते, आणि तिथल्या नवांशहर-होशियारपूरच्या काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचे कृषी शास्त्रज्ञांना अनेक दशके माहीत आहे, हेही सांगितले. पण गहू घ्यावा की टाकावा, हे सांगण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. पंजाबातून लगेच या निष्कर्षांवर आक्षेप आले. केंद्रातले आरोग्य राज्यमंत्री आमच्याच जिल्ह्याचे खासदार, तरी 'अंतिम अहवाल येईपर्यंत हे करा' असे दोन ओळींचे निवेदन आमच्या गटापर्यंत आले नाही. मग ज्यांना परवडले त्यांनी बाजारातून गहू आणला. ज्यांना परवडले नाही त्यांनी रेशनचा गहू ज्वारीत मिसळून दळला. कोणी तो गुरांना घातला, कोणी पलीकडच्या तालुक्यात विकला. एप्रिलमध्ये त्याच गावांत नखे गळू लागल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा वाहिन्या परत आल्या.

या वेळी गावाने एक केले. सरपंचांनी गटावर लिहिले की कोणत्याही कॅमेऱ्याला मुलांचे हात दाखवायचे नाहीत, आणि ज्यांची नखे गेली त्यांची यादी आशाताईंकडे द्यायची. यादीत वय, रेशन कार्डाचा प्रकार आणि गहू कोणत्या महिन्याचा खाल्ला, असे रकाने एका बारावीच्या मुलाने वहीत आखून दिले. तिची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेली आहे. पोच मिळाली आहे, पुढचे उत्तर आले की इथे लिहीन.